जुनी गाडी दुरून घेऊ नये

गोंदिया जिल्ह्यातून परदेशी आलेल्या घरांमध्ये एक प्रश्न हटकून निघतो. गावाकडे आईबाबांसाठी, भाऊ-वहिनीसाठी सात सीटची गाडी घेऊन द्यायची आहे, तर नवी घ्यावी की सेकंड हँड? उत्तर बहुतेक जण इथल्या सवयीने देतात. नवी गाडी शोरूमबाहेर पडली की तिची किंमत उतरते, तो तोटा पहिल्या मालकाने सोसावा आणि आपण दोन-तीन वर्षे वापरलेली चांगली गाडी उचलावी. अमेरिकेत सिएना किंवा ओडिसी घेताना हा हिशेब बरोबरच आहे. पण गोंदियातल्या घरासाठी, आणि त्यातही इतक्या लांबून पैसे पाठवून गाडी घेणाऱ्यासाठी, तो चुकीचा आहे असे माझे स्पष्ट मत आहे. तिथे नवीच गाडी घ्यावी. फक्त आपल्या मनात असते त्यापेक्षा ती लहान असावी.

जुनी गाडी घेताना आपण निम्मे पैसे लोखंडाचे देतो आणि निम्मे माहितीचे. ही माहिती इथे जवळजवळ फुकट मिळते. अमेरिकेत मीटर मागे फिरवणे १९७२ पासून केंद्रीय कायद्याने गुन्हा आहे. गाडी विकताना मीटरचा आकडा लिहून द्यावा लागतो, आणि अपघात, विमा, सर्व्हिसिंग यांच्या नोंदी एकत्र करून विकणाऱ्या कंपन्या आहेत. ब्रिटनमध्ये गाडी तीन वर्षांची झाली की दरवर्षी तपासणी होते. त्या वेळचे मीटरचे वाचन सरकारी संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते. भारतात खासगी गाडीची पहिली सरकारी फिटनेस तपासणी थेट पंधराव्या वर्षी, नोंदणीचे नूतनीकरण करताना होते. तोपर्यंत ती पन्नास हजार किलोमीटर पळाली की दोन लाख, याची नोंद कुठल्याही सरकारी वहीत नसते. ‘वाहन’ प्रणालीवर गाडीचा नंबर टाकला की मालक कितवा, बँकेचा बोजा आहे का, विमा कधीपर्यंत आहे, चलन बाकी आहे का, हे कळते. ते पाहायलाच हवे. पण गाडी कुठे ठोकली, किती पळाली आणि कोणी कशी चालवली, हे त्यात कुठेच नसते. ते फक्त गाडीच्या अंगावर लिहिलेले असते आणि वाचायला माणूस तिथे उभा असावा लागतो.

सात सीटच्या गाडीत ही अडचण आणखी वाढते, कारण भारतात टॅक्सीसाठी या गाड्यांना मोठी मागणी आहे. स्विफ्ट किंवा वॅगन-आर घरची असू शकते. एर्टिगा किंवा इनोव्हा मात्र लग्नाच्या वऱ्हाडापासून कंपनीच्या कर्मचाऱ्यांपर्यंत सगळ्यांना वाहून आलेली असण्याची शक्यता मोठी. परमिट परत करून, कराचा फरक भरून टॅक्सी पासिंगची गाडी खासगी नोंदणीत आणता येते आणि ते कायदेशीर आहे. मग पिवळी पाटी जाऊन पांढरी येते आणि जाहिरातीत ‘फॅमिली यूज’ असे लिहिले जाते. जाणता मिस्त्री अशी गाडी पाच मिनिटांत ओळखतो. मीटर चाळीस हजार सांगतो, पण क्लच-ब्रेकच्या पॅडलवरचे रबर गुळगुळीत झालेले असते. ड्रायव्हरच्या सीटची दाराकडची बाजू दबलेली असते. तिसऱ्या रांगेजवळचे प्लॅस्टिक बॅगा घासून पांढरे पडलेले असते, कारण घरगुती गाडीत ती रांग वर्षातून चार-पाचदाच उघडते. डॅशबोर्डवर कसला तरी स्टिकर असतो आणि तो काढला की खाली स्क्रूची भोके दिसतात. पाण्यात बुडालेल्या गाडीचेही तसेच. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांमध्ये असंख्य गाड्यांत पाणी शिरले. गोंदियाचा माणूस जुनी गाडी पाहायला बहुधा नागपूरलाच जातो. तिथे सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढून त्याच्या टोकाला मातीची रेघ आहे का ते पाहावे लागते, स्टेपनी उचलून तिच्या खोबणीत गाळ आहे का हे बोट फिरवून बघावे लागते. व्हिडिओ कॉलवर हे होत नाही. ज्याच्या भरवशावर आपण गाडी घेतो तो भाऊ किंवा मित्र कितीही जिवाभावाचा असला तरी त्याला ही नजर असेलच असे नाही. शिवाय उद्या गाडी बिघडली तर त्या नात्यावर उगाच ओझे येते.

गोंदिया सीमेवरचा जिल्हा आहे, ही आणखी एक गोष्ट. एका बाजूला बालाघाट, दुसऱ्या बाजूला राजनांदगाव. एमएच-३५ इतक्याच सहजपणे तिथल्या रस्त्यांवर एमपी-५० आणि सीजी-०८ च्या पाट्या दिसतात. सीमेपलीकडची गाडी स्वस्त वाटते. पण मोटार वाहन कायद्याप्रमाणे ती बारा महिन्यांहून जास्त काळ महाराष्ट्रात ठेवायची तर तिथे पुन्हा नोंदवावी लागते. मूळ आरटीओची एनओसी आणावी लागते आणि महाराष्ट्राचा कर भरावा लागतो. दिल्लीहून येणाऱ्या डिझेल इनोव्हांबद्दलही हेच. राजधानी परिसरात दहा वर्षांपुढच्या डिझेल गाड्यांवर निर्बंध आले, म्हणून त्या बाहेरच्या राज्यांत विकल्या जाऊ लागल्या. त्यांचा भाव ऐकून मोह होतो. एजंटची फी, कर आणि आरटीओतले हेलपाटे यांचा हिशेब मांडला की तो मोह ओसरतो. आणि हे हेलपाटे आपण घालणार नसतो, सत्तरीतले बाबा घालणार असतात.

तरीही पैशाचा आणि कागदाचा भाग मी दुय्यम मानतो. खरा मुद्दा सुरक्षिततेचा आहे आणि तो तारखांवरून नीट दिसतो. भारतात विकल्या जाणाऱ्या सर्व मोटारींना एबीएस सक्तीचे झाले एप्रिल २०१९ पासून, चालकासाठी एअरबॅग जुलै २०१९ पासून, आणि शेजारच्या सीटसाठी २०२२ उजाडताना. किआ कॅरेन्स फेब्रुवारी २०२२ मध्ये आली ती सहा एअरबॅग सर्व प्रकारांत घेऊनच. मारुतीने एर्टिगाच्या सर्व प्रकारांत सहा एअरबॅग दिल्या त्या थेट जुलै २०२५ मध्ये. सहा एअरबॅग सक्तीच्या करण्याची घोषणा नागपूरच्याच खासदारांनी, नितीन गडकरींनी, केंद्रीय मंत्री म्हणून केली होती. ती सक्ती नंतर झाली नाही आणि निवड ग्राहकावर राहिली. म्हणजे आज आपण चार-पाच वर्षांची एर्टिगा घेतो तेव्हा बहुधा दोन एअरबॅगची गाडी घेतो. भारतात बनून आफ्रिकेत विकल्या जाणाऱ्या दोन एअरबॅगच्या एर्टिगाला २०२४ मध्ये गाड्यांच्या धडक चाचण्या घेणाऱ्या ग्लोबल एनकॅपने प्रौढांच्या सुरक्षेसाठी एकच तारा दिला. सांगाडाही अस्थिर ठरला होता, त्यामुळे एअरबॅग वाढल्या म्हणजे सगळे झाले असे मी म्हणणार नाही. १ ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनकॅप सुरू आहे. घेणार त्या गाडीची तिथे चाचणी झाली आहे का आणि निकाल काय, हे शोरूममध्ये रंग विचारण्याआधी विचारावे. गोंदियाहून नागपूर रस्त्याने दीडशे किलोमीटरहून अधिक आहे. मोठा दवाखाना म्हटले की अजूनही पुष्कळांना नागपूरच गाठावे लागते. गोंदियात २०१६ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, तरी हे पुरते थांबलेले नाही. वाटेत धानाने भरलेले ट्रॅक्टर असतात, नवेगाव-नागझिऱ्याच्या पट्ट्यात रात्री रस्त्यावर येणारी जनावरे असतात, राष्ट्रीय महामार्ग ५३ वर रायपूरकडचे अवजड ट्रक असतात. या रस्त्यावरून आईबाबांना जायचे असेल तर परवडेल तितकी सुरक्षित गाडी द्यावी. आणि गेल्या तीन-चार वर्षांत या बाबतीत इतका बदल झाला आहे की जुन्या गाडीत वाचवलेले पैसे बहुतेक वेळा सुरक्षिततेतूनच वजा होतात.

यावर पहिला आक्षेप पैशाचा, आणि तो रास्त आहे. चार मीटरहून लांब असलेल्या पेट्रोल-डिझेल गाडीवर आज ४० टक्के जीएसटी आहे. त्यावर महाराष्ट्रात पेट्रोल गाडीला किमतीप्रमाणे ११ ते १३ टक्के एकरकमी कर, शिवाय तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा. एवढे सरकारला दिल्यावर पहिल्याच वर्षी भाव पडतो, हे दिसायला वाईट दिसते. पण दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. एक म्हणजे भारतात सात सीटच्या गाड्यांचा भाव फार पडत नाही. इनोव्हा आणि एर्टिगा यांना टॅक्सीवाल्यांचीही मागणी असल्याने घरगुती वापराची, कमी पळालेली, पहिल्या मालकाची गाडी नवीच्या जवळपासच्या भावात जाते. स्वस्तात मिळते ती ज्यात काहीतरी दडलेले असते तीच. दुसरी गोष्ट, २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे. लहान म्हणजे चार मीटरच्या आतली आणि पेट्रोल असेल तर १२०० सीसीपर्यंतची. रेनो ट्रायबर सात सीटची असूनही या चौकटीत बसते. म्हणजे पूर्वी जुनी एर्टिगा किंवा नवी ट्रायबर असा जो काठावरचा निर्णय होता, तो करानेच नव्या गाडीच्या बाजूने झुकवला आहे.

दुसरा आक्षेप घरातूनच येतो. आम्ही चौघे दिवाळीला आलो, भावाचे कुटुंब, आईबाबा, सगळे मावायला हवेत, लहान गाडी काय कामाची? इथे प्रत्यक्ष माप घेऊन बघावे. एर्टिगात तिन्ही रांगा वापरल्या की मागे २०९ लिटरची जागा उरते. विमानाच्या नियमाने चौघांच्या आठ मोठ्या बॅगा होतात, त्यातली एखादी जेमतेम तिथे उभी राहील. म्हणजे नागपूर विमानतळावरून सात माणसे आणि सामान एका गाडीत येतच नाही, कॅरिअर बसवा नाहीतर दुसरी गाडी बोलवा. तिसऱ्या रांगेत जायला मधली सीट पुढे सरकवून, वाकून, एक पाय आधी आत टाकावा लागतो. गुडघे दुखणारी, नेसत्या साडीतली आई तिथे बसणार नाही आणि तिने बसूही नये. आपण वर्षातले तीन-चार आठवडे तिथे असतो. त्या आठवड्यांसाठी चालकासह इनोव्हा भाड्याने घ्यावी, कचारगडला जावे, हाजरा फॉलला जावे, प्रतापगडला जावे. उरलेल्या वर्षात घरची गाडी बाजारात, बँकेत, दवाखान्यात, दिवाळीनंतर शेजारच्या गावच्या मंडईला आणि रात्रीच्या झाडीपट्टीच्या नाटकाला जाते. तेव्हा गाडीत चार-पाच माणसे असतात. मागची रांग मिटवता किंवा काढता येणारी लहान गाडी त्यांना गल्लीत वळवायला सोपी जाते, घरासमोर उभी करता येते आणि बाबा स्वतः चालवू शकतात.

इनोव्हाच्या दणकटपणाचा दाखला देणारे तिसरा आक्षेप घेतात. २००५ पासून ही गाडी भारतात आहे, लाखो किलोमीटर पळते, मग जुनी घेतली तर काय बिघडले? पळते हे खरेच आहे. पण ती पळते तेव्हा चांगली राहते. २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेल गाड्यांत धुरातली काजळी अडवणारी जाळी असते. ती साफ व्हायला गाडी मोठ्या रस्त्यावर सलग पळावी लागते. घर ते गोरेलाल चौक आणि परत, एवढ्याने ते होत नाही, मग दिवा लागतो, वर्कशॉप सुरू होते. महिन्यातून दोनदा बाहेर निघणाऱ्या घराला डिझेल नकोच. पेट्रोल घ्यावे. त्यातही आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते आणि त्यासाठी तयार केलेल्या गाड्या एप्रिल २०२३ पासूनच्या. त्याआधीची जुनी गाडी त्यावर चालते, पण ॲव्हरेज घटते आणि रबरी नळ्यांकडे लक्ष ठेवावे लागते.

एका प्रसंगी मात्र मी जुन्या गाडीला होकार देईन. गाडी गोंदियातच, ओळखीच्या घरची, पहिल्याच मालकाची असावी. तिचे सर्व्हिसिंग त्याच गावातल्या वर्कशॉपमध्ये झालेले असावे आणि त्याची बिले दाखवायला मालक तयार असावा. गाडी एप्रिल २०२३ नंतरची असावी, सहा एअरबॅगची असावी. अशी गाडी सापडली तर इथल्या बाजाराची सगळी सोय तिथे मिळाली असे समजावे. तेव्हाही व्यवहार ओळखीवर सोडू नये. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्याशिवाय चावी घेऊ नये. मालकी बदलल्यापासून चौदा दिवसांत विमा नव्या मालकाच्या नावावर करून घेण्यासाठी अर्ज करावा, नाहीतर अपघात झाल्यास स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा अडतो. पैसे बँकेतूनच द्यावेत. एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेण्यास आयकर कायद्याची मनाई आहे. मुलाने किंवा मुलीने आईवडिलांना पाठवलेल्या पैशावर भारतात त्यांना प्राप्तिकर लागत नाही, म्हणून गाडी, नवी असो वा जुनी, त्यांच्याच नावावर, त्यांच्याच पॅनवर घ्यावी. दहा लाखांवरच्या नव्या गाडीवर विक्रेता जो एक टक्का कर गोळा करतो तो त्यांच्याच खात्यात जमा दिसतो आणि विवरणपत्र भरल्यावर वळता करून घेता येतो. ते विवरणपत्र भरायला त्यांच्या सीएला जुलैआधी आठवण करून देणे, एवढे काम इथे बसूनही आपल्याला करता येते.