रोजी-रोटी : थंडीतला समुद्र आणि काठाजवळचे जाळे

साकोली तालुक्यातल्या एकोडीहून कोकणचा समुद्र रस्त्याने आठशे किलोमीटरहून जास्त दूर. आपल्या भंडारा जिल्ह्यातला ताजा मासा तलावाचा. माजी मालगुजारी तलावांत ढिवर बांधव जाळे टाकतात, रोहू-कतला बाजारात येतो. पण त्याच आठवडी बाजारात सुके बोंबील आणि सुकटही असते. ती समुद्राची. दस्तरखानावर आलेली ही वस्तू कुणाच्या मेहनतीने आली, हे आपल्याला माहीत असायला हवे.

थंडीत मासा लागत नाही, असे आपल्याकडे म्हणतात. तलावापुरते ते खरे आहे. माशाचे रक्त पाण्याइतकेच थंड किंवा गरम असते. पाणी 20 अंशांखाली उतरले की रोहू-कतला खाणे कमी करतात, तळाशी जाऊन सुस्त पडतात. समुद्राचे तसे नाही. एवढे अफाट पाणी एका रात्रीत निवत नाही. भंडाऱ्यात शेकोटी पेटते तेव्हाही कोकण किनाऱ्याचे पाणी साधारण 25 अंशांच्या आसपास असते. पावसाळ्यातला खवळलेला समुद्र शांत झालेला असतो आणि बांगड्याचे थवे काठाजवळ येतात. छोट्या होडीवाल्यांसाठी हिवाळा हा कमाईचा हंगाम आहे.

वाराही मदतीला असतो. रात्री जमीन लवकर थंड होते, समुद्र उबदार राहतो. त्यामुळे पहाटे जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा वाहतो. दुपारी उलटा, समुद्राकडून खारा वारा येतो. शिडाच्या काळात फजरच्या वेळी पहिल्या वाऱ्याने होडी बाहेर जायची आणि दुसऱ्याने परत यायची. आता इंजिने आली. तरी पहाटेच्या गार वाऱ्यात ओल्या जाळ्यात हात घालावाच लागतो.

या किनाऱ्यावर आपले दालदी बांधव आहेत. रत्नागिरी परिसरातले हे मुसलमान पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी करतात. खाडीत एकटा माणूस पाग फेकतो. उघड्या किनाऱ्यावर रापण लागते : होडी अर्धवर्तुळ करत जाळे सोडत जाते आणि मग जाळ्याची दोन्ही टोके माणसांच्या रांगा किनाऱ्यावर ओढतात. ओढायला हात लावणाऱ्यालाही वाटा मिळतो. एका जाळ्यावर अनेक चुली पेटतात.

अडचण इथेच आहे. पर्ससीन नावाचे मोठे जाळे अख्ख्या थव्याला वेढते आणि बटव्याची दोरी ओढावी तसे त्याचे तळ आवळले जाते. काही बोटी रात्री समुद्रात प्रखर एलईडी दिवे लावून मासा गोळा करतात. जो थवा काठाजवळ येऊन शंभर घरांत वाटला गेला असता, तो एका बोटीत जातो. ही हिंदू-मुसलमानांची बाब नाही. मोठ्या बोटींचे मालकही आपल्यात आहेत आणि रिकामा पाग घेऊन परतणारेही आपलेच. प्रश्न न्यायाचा आहे.

कायदा आहे. किनाऱ्यापासून 12 सागरी मैलांपर्यंतचे, म्हणजे सुमारे 22 किलोमीटरपर्यंतचे पाणी राज्याच्या अखत्यारीत येते. त्यासाठी 1981 चा महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन कायदा लागू आहे. 5 फेब्रुवारी 2016 च्या आदेशाने पर्ससीनला सप्टेंबर ते डिसेंबर एवढीच मुदत ठरली. एलईडीच्या मासेमारीवर 2017 पासून बंदी आहे. 2021 मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन दंड वाढला. जानेवारी उजाडल्यावर काठाजवळचा पट्टा छोट्या जाळ्यांसाठी मोकळा राहावा, हा त्यामागचा हेतू. तो कितपत साधतो, हे अंमलबजावणीवर अवलंबून आहे.

आता आपल्या स्वयंपाकघराकडे वळू. मासा जबह करावा लागत नाही, हे सर्वांना ठाऊक आहे. मात्र सुकट म्हणजे सुकवलेला जवळा, ती बारीक कोळंबी. कोकणातले बहुतेक मुसलमान शाफई असल्याने तिथे कोळंबी, खेकडा सारे चालते. आपल्याकडच्या हनफी घरांत कोळंबीबद्दल उलमांची मते वेगवेगळी आहेत. म्हणून पाहुण्यांना वाढण्याआधी विचारून घ्यावे. सुके बोंबील घेताना ते कोरडे आणि कडक आहेत ना, हे पाहावे. ओलसर, मऊ पडलेले घेऊ नयेत.

दुसरी गोष्ट आकाराची. 2023 मध्ये राज्याने अनेक जातींच्या माशांसाठी पकडण्याचा किमान आकार ठरवला. पापलेटसाठी तो 135 मिलिमीटर आहे. नागपूर-भंडाऱ्यात बर्फातून आलेले तळहाताएवढेही नसलेले पापलेट स्वस्त मिळते म्हणून घेऊ नये. त्या माशाने एकदाही अंडी घातलेली नसतात. आपल्या तलावातल्या बोटभर रोहूलाही हाच नियम लावावा. गिऱ्हाईक नसले की पिल्ले धरण्यात फायदा उरत नाही. भाव करताना माशाची लांबीही पाहावी. किनाऱ्यावरच्या भावाला आणि तलावावरच्या ढिवराला पुढच्या हिवाळ्यातही मासा मिळावा, यासाठी बाजारात उभ्या असलेल्या भगिनीला एवढे नक्की करता येईल.