बालपरिचारिका कोण घडवणार?

९ ऑक्टोबर २०२४ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते राज्यातील दहा नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचा प्रारंभ झाला. त्यांत हिंगोलीचे नाव होते. १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्याने त्यासाठी पंचवीस वर्षे वाट पाहिली; आनंद स्वाभाविकच आहे. आता येथे डॉक्टर घडतील. पण दीड किलो वजनाच्या अर्भकाजवळ रात्रभर जागणारी परिचारिका कोण घडवणार?

हे काम सामान्य शुश्रूषेहून निराळे आहे. प्रौढ रुग्ण दुखते कुठे ते सांगतो. तान्हे बाळ सांगत नाही. त्याचा श्वास मिनिटाला साठच्या वर गेला, पाय गार पडले, ते अंगावर पिईनासे झाले, एवढ्याच खुणा. औषधाची मात्रा वजनानुसार, मिलिलिटरच्या दशांशात मोजावी लागते. अपुऱ्या दिवसांच्या बाळाला प्राणवायू कमी पडला तर जीव जातो, अधिक झाला तर दृष्टी जाऊ शकते. डॉक्टर फेरीला येऊन जातात. डोळ्यांत तेल घालून पाहणारी असते ती परिचारिकाच.

आपल्याकडे तीन वर्षांच्या जीएनएममध्ये वा चार वर्षांच्या बीएस्सी नर्सिंगमध्ये बालशुश्रूषा हा अनेक विषयांपैकी एक विषय. नवजात शुश्रूषेचा एक वर्षाचा स्वतंत्र पदविका अभ्यासक्रम भारतीय परिचर्या परिषदेने आखून दिलेला आहे. हिंगोलीच्या महाविद्यालयाशी तो जोडला जावा, ही मागणी आता जिल्ह्याने लावून धरली पाहिजे.

प्रशिक्षणाने काय साधते, हे महाराष्ट्रानेच जगाला दाखवले आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी ३९ गावांतील जेमतेम शालेय शिक्षण झालेल्या स्त्रियांना नवजातांची निगा शिकवली. तुलनेसाठी निवडलेल्या गावांच्या मानाने तेथील नवजात मृत्युदर तिसऱ्या वर्षी ६२ टक्क्यांनी घटला. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ने हे निष्कर्ष छापले. मग रुग्णालयातील शिक्षित परिचारिकेला विशेष शिक्षण दिले तर किती साधेल?

ऑक्टोबर २०२३ च्या प्रारंभी नांदेडच्या शासकीय रुग्णालयात २४ तासांत २४ रुग्ण दगावले. त्यांत १२ नवजात अर्भके होती. कारणे अनेक सांगितली गेली. पण औंढा-कळमनुरीकडचे नाजूक बाळ रुग्णवाहिकेत घालून नांदेडला धाडण्याची वेळ येत राहिली, तर तेथील भार हलका कसा व्हावा? वसमतला हळदीसाठी संशोधन व प्रशिक्षण केंद्र मंजूर झाले, ते योग्यच झाले. हळदीची जी काळजी, ती बाळांचीही असावी.

अडसर केवळ शासनाचा नाही. रात्रपाळी करणारी सून नको, असे म्हणणारी घरे आजही आहेत. रमाबाई रानडे यांनी पुण्याच्या सेवासदनातून स्त्रियांना शुश्रूषेच्या शिक्षणाकडे वळवले, तेव्हाही समाजाने नाके मुरडलीच होती. कळमनुरीच्या आंध समाजातील मुलीला विद्यावेतन आणि वसतिगृह मिळाले, तर ती हे शिकेल. आणि शिकल्यावर तिला वर्षभरात दुसऱ्या कक्षात हलवू नये, एवढे तरी प्रशासनाने लेखी द्यावे.