वर न जाता परत

कळसूबाईची उंची ५४०० फूट. परवा माउंट रेनियरवर पॅराडाइझला गाडी लावली आणि कळलं, की इथला पार्किंग लॉटच कळसूबाईच्या माथ्याइतका उंच! १९७१-७२ च्या हिवाळ्यात इथे ११२२ इंच, म्हणजे ९३ फुटांवर बर्फ पडला होता. आमच्या वेळी तेवढा नसला तरी भरपूर होता.

आयुष्यातलं पहिलंच स्नोशूइंग. भाड्याने आणलेले स्नोशूज म्हणजे पायाला बांधलेली सुपंच. वजन पसरतं म्हणून पाय फार रुतत नाही, टाच मोकळी राहते आणि खालचे धातूचे दात चढावर पकड घेतात. सुरुवातीला बदकासारखी फेंगडी चालले, एकदा स्वतःच्याच स्नोशूवर पाय देऊन तोंडावर आपटले. मग जमलं. ज्याला चालता येतं त्याला स्नोशूइंग येतं म्हणतात, ते खरं आहे. आणि माझ्या मते सगळा घोळ तिथेच आहे.

कारण तासाभरात मला वाटायला लागलं, की आपल्याला सगळं येतं. पॅनोरमा पॉइंट ६८०० फुटांवर. त्याच्या खालच्या उभ्या चढापाशी नवरा थांबला. त्याने सकाळी अ‍ॅव्हलाँचचा अंदाज वाचला होता: पाचपैकी तिसरी पायरी. मी वैतागले. "अरे, लोक गेलेत की वर! ठसे दिसतायत."
"ते गेले म्हणून आपल्या पायाखाली सुटणार नाही कशावरून?"
फुगून परत फिरले. खाली येईपर्यंत एक शब्द बोलले नाही.

घरी येऊन नीट वाचलं. हिमकडे बहुधा ३० ते ४५ अंशांच्या उतारावर सुटतात, आणि माणसं सापडतात ते बहुतेक वेळा त्यांच्याच किंवा सोबत्यांच्या वजनाने सुटलेले असतात. गाडलं गेल्यावर पहिली पंधरा मिनिटं महत्त्वाची, मग आशा झपाट्याने कमी होते. आमच्याकडे बीकन नव्हता, फावडं नव्हतं. थर्मासमध्ये चहा होता आणि डब्यात दशम्या.

सह्याद्रीत वाढलेल्या आपल्या लोकांना माथा गाठल्याशिवाय ट्रेक झाल्यासारखा वाटतच नाही. पण तिथला सुटा मुरूम, शेवाळलेला कातळ निदान डोळ्यांना दिसतो. बर्फाचा कच्चा थर गुळगुळीत पांढऱ्या चादरीखाली असतो. म्हणून मला वाटतं, नवख्याने आधी अंदाज वाचायला आणि परत फिरायला शिकावं, चालणं काय, दहा मिनिटांत येतं.

आईने फोनवर विचारलं, "वर पोचलात का गं?" नाही म्हटल्यावर म्हणाली, "मग एवढ्या थंडीत गेलात कशाला?" उत्तर सुचलं नाही.

असो. "तुझं बरोबर होतं" हे नवऱ्याला अजून तोंडाने म्हटलेलं नाही. इथे लिहिलंय, वाचेल तो.