लग्न झालं नव्हतं, म्हणून भूक लागत नव्हती का?

ब्रिटिश पार्लमेंटच्या सन्माननीय सभासदांना,



हे पत्र मी मराठीत लिहिते आहे. मन दुखलं की मला याच भाषेत नीट बोलता येतं. कोणी ते तुमच्यापर्यंत पोचवलं तर बरंच आहे, नाहीतर माझ्या माणसांनी तरी वाचावं. मी सातारा जिल्ह्यातली, लग्न न केलेली, शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेली बाई आहे. पहिलं महायुद्ध मी वर्षानुवर्षं शिकवलं. तह शिकवले, तारखा शिकवल्या, मेलेल्यांचे आकडे शिकवले. त्या युद्धानंतर जिवंत राहिलेल्या आणि लग्न न झालेल्या बायकांबद्दल आमच्या पुस्तकात एक ओळ नव्हती. पुढे मी स्वतः शोधून वाचत गेले, आणि जे वाचलं ते अजून मनातून जात नाही.

तुम्ही म्हणाल, या बाईचा आमच्या युद्धाशी काय संबंध? संबंध आहे. मेसोपोटेमियात कूतच्या वेढ्यात आमच्या मराठा पलटणी होत्या. एप्रिल १९१६ मध्ये तुमच्या सेनापतीनं शरणागती पत्करल्यावर कैदेत गेलेल्यांत आमची माणसं होती, आणि त्यातली कितीतरी परत आली नाहीत. या गावातून इतके लोक महायुद्धाला गेले, असं सांगणाऱ्या संगमरवरी पाट्या तुमच्या सरकारनं लावल्या, त्या आमच्याकडच्या गावांत अजून आहेत. फरक इतकाच, की आमच्या मुलींची लग्नं तेव्हा लहानपणीच व्हायची. त्यामुळे त्या युद्धानं आमच्याकडे विधवा केल्या. तुमच्याकडे विधवा तर झाल्याच, पण ज्यांची लग्नं व्हायचीच होती अशाही असंख्य मुली मागे राहिल्या. विधवेचं दुःख आम्हाला ओळखता येतं, त्याला रीत आहे, नाव आहे. या दुसरीचं दुःख तुम्हालाही ओळखता आलं नाही.

११ नोव्हेंबर १९२० ला वेस्टमिन्स्टर ॲबेत अनाम सैनिकाला पुरलं. नवरा आणि सगळे मुलगे गमावलेल्या स्त्रियांना त्या दिवशी मानाची जागा दिली होती. ती त्यांना मिळायलाच हवी होती. पण ज्या मुलीनं चार वर्षं पत्रांची वाट पाहिली, जिच्या बोटात अंगठी होती, तिची गणना त्या रांगेत कुठेच नव्हती. तिच्या माणसाच्या मृत्यूची खबर त्याच्या घरच्यांना जायची. त्याचे कपडे, डायरी, घड्याळ घरच्यांकडे यायचं. मेलेल्याच्या नावाची ब्राँझची गोल पाटी सरकारनं वारसांना पाठवली. वाग्दत्त वधू वारस नव्हती. त्याची आई चांगली असेल तर तिला बोलावून एखादी वस्तू द्यायची, नसेल तर तिनं वर्तमानपत्रातल्या यादीत त्याचं नाव वाचून घरी गप्प बसायचं. सात लाखांहून अधिक माणसं तुम्ही गमावलीत. त्यांच्यामागे अशा किती जणी होत्या, हे कुठल्याच सरकारी कागदावर नाही, कारण वाङ्निश्चयाची नोंद कोणी करत नाही.

बॉर्नमथच्या एका मुलींच्या शाळेत १९१७ साली मुख्याध्यापिकेनं वरच्या वर्गातल्या मुलींना एकत्र बसवून सांगितलं होतं, की तुमच्यात दहातल्या एकीचंच लग्न होईल. ते ऐकणाऱ्यांत रोझमंड एसेक्स होत्या. पुढे त्या 'चर्च टाइम्स'च्या संपादक झाल्या, त्यांनी एक मुलगा दत्तक घेतला, लग्न केलं नाही. भाकीत सगळ्यांच्या बाबतीत तितकं कठोर ठरलं नाही, पुष्कळ जणींची लग्नं उशिरा का होईना झाली. पण सतरा-अठरा वर्षांच्या पोरींना हे सांगावं लागणं, आणि सांगणारीनं ते मायेनं सांगणं, यावर मी फार वेळ थांबले होते. मीही मुलींच्या वर्गांवर शिकवलं आहे. माझ्या तोंडून ते वाक्य निघालं नसतं.

युद्ध चालू असताना दारूगोळ्याच्या कारखान्यांत तरुण मुली काम करत होत्या. टीएनटी या स्फोटकानं त्यांची कातडी पिवळी पडायची, केसांचा रंग बदलायचा. लीड्सजवळ बार्नबोच्या कारखान्यात ५ डिसेंबर १९१६ च्या रात्री स्फोट झाला आणि ३५ बायका मेल्या. युद्धाच्या काळात ती बातमी दाबून ठेवली गेली. युद्ध संपलं आणि १९१९ च्या कायद्यानं कारखान्यांतल्या जागा पुन्हा पुरुषांच्या झाल्या. बेकारीचा भत्ता मागायला गेलेल्या बाईला मोलकरणीची नोकरी दाखवायची, आणि तिनं नको म्हटलं की भत्ता बंद करायचा, असंही केलंत. १९१८ साली मताचा अधिकार दिलात तो तीस वर्षांवरच्या बायकांना, तोही घरादाराची अट घालून. म्हणजे तोफगोळे भरणाऱ्या वीस-बावीस वर्षांच्या पोरीला मत नाही. ते मिळायला १९२८ उजाडलं.

१९२१ ची खानेसुमारी आली. इंग्लंड-वेल्समध्ये पुरुषांपेक्षा बायका सुमारे १७ लाखांनी जास्त निघाल्या, आणि तुमच्या वर्तमानपत्रांना चेव आला. या बायका जास्तीच्या आहेत, यांचं करायचं काय, यांना वसाहतींत पाठवा. मी आकडे मागे जाऊन पाहिले. १९११ सालीही ही तफावत ११ लाखांच्या वर होती. तुमचे तरुण कॅनडाला, ऑस्ट्रेलियाला, आमच्याकडे हिंदुस्थानात निघून जात होते, मुलगे लहानपणी जास्त दगावत होते. तेव्हा जो प्रश्न साम्राज्यानं निर्माण केला होता तोच युद्धानं वाढवला. दोन्ही गोष्टी पार्लमेंटनं ठरवल्या होत्या, आणि दोष मात्र त्या मुलींच्या माथी आला. त्यातल्या काही जणी बोटीनं मुंबईला उतरायच्या, नातेवाइकांकडे राहून इथल्या एखाद्या गोऱ्या अधिकाऱ्याशी लग्न जुळतंय का बघायच्या. ही चाल युद्धाच्या पुष्कळ आधीची. न जुळता परतणाऱ्या मुलीला तुमच्याच समाजानं रिकामं परत आलेलं भांडं ठरवलं होतं. मुंबईहून परत निघताना तिच्या मनात काय असेल, याचा विचार मला अस्वस्थ करतो.

पण माझी खरी तक्रार पेन्शनची आहे, आणि ती मी विसरायला तयार नाही.

१९२५ साली तुम्ही विधवा, अनाथ आणि वृद्धांसाठी विम्याच्या पेन्शनचा कायदा केलात. विमा उतरवलेल्या कामगाराच्या विधवेला आठवड्याला दहा शिलिंग. ती पंचवीस वर्षांची असो, मूल असो वा नसो. मला त्याचं जराही वाईट वाटत नाही. पण गिरणीत तिच्या शेजारी उभी राहून काम करणारी, आपल्या मजुरीतून दर आठवड्याला वर्गणी कापून देणारी अविवाहित बाई? तिनं पासष्ट वर्षांपर्यंत थांबायचं. पन्नाशीत डोळे जातात, सांधे धरतात, मुकादम तरुण पोर घेतो. म्हाताऱ्या आईबापांचं करायला अनेकदा घरातली हीच मुलगी थांबलेली असते, कारण बाकीच्यांना संसार असतात. काम सुटलं की विमा लटकतो. म्हणजे वर्षानुवर्षं भरलेली वर्गणी जाते, आणि पासष्टी गाठण्याआधी ती वारली तर प्रश्नच मिटतो. शिक्षिकांचंही काही वेगळं नव्हतं. लग्न केलं तर बहुतेक ठिकाणी नोकरी जायची, नाही केलं तर पुरुष शिक्षकाच्या चार-पंचमांश पगार, कारण म्हणे पुरुषाला कुटुंब पोसायचं असतं. या बायका कोणाला पोसत होत्या, हे विचारायला कोणी गेलं नाही.

ब्रॅडफर्डच्या फ्लॉरेन्स व्हाइट यांनी हे बोलून दाखवलं. लहानपणीच गिरणीत कामाला लागलेली ही बाई, पुढे बहिणीबरोबर केक-मिठाईचं दुकान चालवायची. लग्न ठरलेला माणूस १९१७ साली युद्धाच्या काळात गेला. १९३५ साली तिनं अविवाहित स्त्रियांच्या पेन्शनसाठी संघटना काढली. मागणी साधी होती: आम्हाला ५५ व्या वर्षी पेन्शन द्या. गिरणीकामगार, मोलकरणी, दुकानांत उभ्या राहणाऱ्या बायका तिच्या मागे उभ्या राहिल्या, मोर्चे निघाले, लाखो सह्यांचा अर्ज तुमच्या दारी आला. तुम्ही समिती नेमलीत. १९३९ मध्ये समितीनं ५५ ची मागणी फेटाळली. १९४० मध्ये, पुढचं युद्ध सुरू झाल्यावर, स्त्रियांसाठी वय ६० केलंत. त्यामागे एक कारण असंही सांगितलं जायचं, की बायका नवऱ्यापेक्षा वयानं लहान असतात, नवरा पासष्टचा झाला तरी बायकोला थांबावं लागतं. म्हणजे लढल्या अविवाहित बायका, आणि तुम्हाला पटलं ते विवाहितांच्या सोयीचं कारण. ते साठचं वयही तुम्ही १९९५ च्या कायद्यानं काढून घेतलंत. ज्यांना त्याची वेळेवर कल्पना दिली नाही, त्या १९५० च्या दशकात जन्मलेल्या बायकांना भरपाई देण्याची शिफारस तुमच्याच लोकपालांनी २०२४ च्या मार्चमध्ये केली, आणि डिसेंबरमध्ये सरकारनं ती नाकारली.

पहिल्या महायुद्धानंतरच्या काळातल्या ज्या अविवाहित बायकांना लिहिता येत होतं, ज्या इंजिनिअर, डॉक्टर, संशोधक झाल्या, त्यांची चरित्रं आता निघतात. इंजिनिअर झालेल्या कॅरोलिन हॅस्लेटसारख्या बाईबद्दल वाचून मलाही आनंद होतो. पण लग्न झालं नाही म्हणून बरंच झालं, त्यामुळेच मोठ्या झाल्या, असा सूर लागला की मला तो सोसत नाही. ब्रॅडफर्डच्या गिरणीत उभं राहून कान गेलेल्या बाईला तो सूर लावून दाखवा.

तुम्हालाच बोल लावते आहे असं नाही. आमच्या महाराष्ट्र सरकारनं २०२४ साली लाडकी बहीण योजना आणली. विवाहित, विधवा, घटस्फोटित, परित्यक्ता यांच्या यादीत शेवटी लिहिलं, कुटुंबातली केवळ एक अविवाहित महिला. एका घरात दोन बहिणी लग्नाविना राहिल्या तर दुसरीनं काय खायचं, हे मी आमच्या राज्यकर्त्यांना वेगळ्या पत्रात विचारणार आहे. बाईच्या पोटाचा हिशेब करायला कोणत्या तरी पुरुषाशी असलेलं नातं लागतं, हे तुमच्याकडे शंभर वर्षांपूर्वी ठरलं आणि इथे अजून चालू आहे.

तुमच्याकडून मला माफी नको. युद्धात मेलेल्यांच्या आठवणीसाठी नोव्हेंबरात कोटावर लावलेली कागदी लाल फुलंही नकोत. मागणी एकच आहे आणि ती कारकुनी कामाची आहे. १९२६ पासून १९४० पर्यंत विम्याची वर्गणी भरून, पेन्शनचं वय गाठण्याआधी वारलेल्या किंवा विमा तुटलेल्या अविवाहित स्त्रियांचा हिशेब काढा. किती जणी, किती वर्षं, किती पैसे. जिल्ह्यानुसार काढा, ब्रॅडफर्डपासून सुरुवात करा. जुनं दप्तर अपुरं असेल तर तसंही लिहा. मग तो अहवाल सभागृहात मांडा आणि छापा. त्याची एक प्रत मला पाठवली तर इंग्रजीतली चालेल, वाचता येतं.

आपली,
सातारा जिल्ह्यातली एक निवृत्त शिक्षिका