डाळिंबाची साल आणि गरिबाचा दवाखाना

आमच्या नातेपुते भागात डाळिंबाचा दाणा बाजाराचा, पैसा बागायतदाराचा आणि साल उकिरड्याची, अशी वाटणी ठरलेली आहे. सोलापूरच्या डाळिंबाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, ते फळाला. सालीला कोण विचारतो? पण जुलाब लागले की आपल्या आया-आज्या हीच वाळलेली साल उगाळून देत होत्या. त्या सालीचा तुरटपणा आज प्रयोगशाळांच्या अभ्यासाचा विषय आहे.

कारण गंभीर आहे. प्रतिजैविकांना म्हणजेच अँटिबायोटिक्सना जंतू दाद देईनासे झाले आहेत. २०१९ या एका वर्षात अशा जंतूंमुळे जगात सुमारे १२ लाख ७० हजार माणसे थेट दगावली, असा अंदाज 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने २०२२ साली प्रसिद्ध केला. साधे औषध निकामी झाले की महागडे घ्यावे लागते. ज्याच्याकडे पैसा आहे तो ते घेईल. रोजंदारीवरच्या माणसाने काय करायचे?

आणि ही औषधे निकामी झाली कशाने? अर्धवट सोडलेल्या गोळ्यांनी, डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय झालेल्या विक्रीने आणि शेतीतील वापरानेही. डाळिंबावरचा तेल्या रोग जंतूंमुळे होतो. त्यावर वर्षानुवर्षे स्ट्रेप्टोमायसिन आणि टेट्रासायक्लिनचे मिश्रण फवारले गेले. १९४३ साली सापडलेले स्ट्रेप्टोमायसिन हे क्षयरोगावरचे पहिले प्रभावी प्रतिजैविक! माणसाला ते हवे तर कायद्याने डॉक्टरची चिठ्ठी लागते. झाडाला लागत नाही. हा कुठला न्याय? फवारा मारणारा मजूर तोंडाला फडके बांधून पाठीवर पंप वाहतो. औषध निकामी झाले तर पहिला फटकाही त्याच्याच घराला बसतो. केंद्र सरकारने डिसेंबर २०२१ मध्ये या वापरावरील बंदीचा मसुदा काढला. १ जानेवारी २०२४ पासून वापर पूर्ण थांबवावा, असे त्यात होते. ती तारीख कधीच उलटली. आपल्या गावच्या दुकानात आज काय विकले जाते, हे आपल्यापैकी किती जणांनी विचारले?

आता सालीकडे येऊ. वनस्पती स्वतःच्या रक्षणासाठी फेनॉलिक नावाची द्रव्ये तयार करतात. हळदीतील कर्क्युमिन, हिरड्यातील टॅनिन, डाळिंबाच्या सालीतील प्युनिकॅलाजिन ही सारी त्याच कुळातली. ही द्रव्ये जंतूचे आवरण दुबळे करतात, त्याला लागणारे लोह बांधून ठेवतात. काही द्रव्ये तर जंतू ज्या पंपाने औषध बाहेर फेकतो तो पंपच अडवतात. म्हणजे जुन्या औषधाला पुन्हा धार येऊ शकते. मेथिसिलिनला न जुमानणाऱ्या स्टॅफिलोकॉकस जंतूची वाढ डाळिंबाच्या सालीचा अर्क प्रयोगशाळेत रोखतो, असे आढळले आहे.

परंतु बांधवांनो, काचेच्या बशीत जंतू मेला म्हणजे माणूस बरा झाला असे नव्हे. प्युनिकॅलाजिन पोटातून जसेच्या तसे रक्तात पोचत नाही; आतड्यातच त्याचे तुकडे होतात. म्हणून जखमेवर लावण्याच्या औषधाची आशा अधिक, गोळीची कमी. क्षयाची गोळी सोडून सालीचा काढा पिणे म्हणजे आत्मघात. 'आमच्या ग्रंथात सर्व आहे' म्हणणाऱ्यांच्या नादी लागू नका. महावग्गात तथागतांनी आजारी भिक्खूंना कडुनिंबाच्या तुरट काढ्याची, हिरडा-बेहडा-आवळ्याची अनुज्ञा दिलेली आहे. पण ग्रंथात आहे म्हणून मानू नका, हे कालामांना सांगणारेही तथागतच होते. संविधानाचे कलम ५१-अ वैज्ञानिक दृष्टिकोन हे आपले कर्तव्य ठरवते, तर कलम ४७ सार्वजनिक आरोग्य ही राज्याची जबाबदारी ठरवते.

म्हणून मागणी दुहेरी हवी. सोलापुरात २००५ पासून राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे. वैद्यकीय महाविद्यालयही सोलापुरातच आहे. दोघांनी मिळून या सालीवर सरकारी पैशाने संशोधन करावे, म्हणजे निघालेले औषध कंपनीच्या तिजोरीत न अडकता सरकारी दवाखान्यात पोचेल. आणि बागेतील प्रतिजैविकांच्या विक्रीची माहिती तालुका कृषी अधिकाऱ्याकडे माहितीच्या अधिकारात मागावी. अर्जाला दहा रुपये लागतात. निकामी झालेल्या औषधाची किंमत आपण जिवाने मोजतो.