हवामान खात्याला बंदुका कशाला?

परवा सकाळी चहाचा कप हातात असतानाच फोन टुणटुणला. एका जुन्या विद्यार्थ्याचा व्हॉट्सॲपवर निरोप होता. निरोप कसला, कुठून तरी आलेला मजकूर त्यानं पुढे ढकलला होता. अमेरिकेच्या हवामान खात्यानं म्हणे ४६,००० गोळ्या मागवल्या, आणि म्हाताऱ्यांना पेन्शन देणाऱ्या खात्यानं १,७४,०००! तिथलं सरकार आपल्याच जनतेवर उठणार असल्याची ही खूण, वगैरे वगैरे. खाली त्यानं स्वतःचं एक वाक्य जोडलं होतं, "सर, हवामान खात्याला बंदुका कशाला?"

मला आधी हसू आलं. पाऊस पडला नाही तर ढगांवर गोळ्या झाडणार की काय! आमच्या सौ.ना वाचून दाखवलं तर त्या म्हणाल्या, "अंदाज चुकला म्हणून लोक मारायला येत असतील."

पण मग आठवलं, ही बातमी मी आधी ऐकली होती. २०१२ सालची आहे ती. तेव्हा आम्ही मुलीकडे कॅलिफोर्नियात सॅक्रामेंटोला गेलो होतो आणि तिथं हा विषय गाजत होता. बारा-तेरा वर्षांनी तीच शिळी कढी पुन्हा उतू चाललीय. असो. विचारलंय तर सांगायला हवं. मास्तरकी सुटली तरी प्रश्न विचारणारं पोर दिसलं की राहवत नाही.

आधी हवामान खात्याचं. ती चक्क कारकुनी चूक होती. गोळ्या हव्या होत्या त्या मासेमारीच्या कायद्याची अंमलबजावणी करणाऱ्या शाखेला. ही शाखा आणि हवामान सेवा एकाच मोठ्या खात्याखाली येतात. निविदेवर नाव चुकीचं पडलं, आणि झालं. आपल्याकडे जन्मदाखल्यावर बापाच्या जागी आजोबाचं नाव पडतं, तसलाच प्रकार. या शाखेत तेव्हा ६३ माणसं होती. ४६,००० भागिले ६३, म्हणजे माणशी साधारण ७३०. वर्षातून दोनदा त्यांची नेमबाजीची परीक्षा आणि सराव. एका वेळेला ३६५ गोळ्या. सोबत कागदी लक्ष्यंही मागवली होती, पण ती मजकूर पुढे ढकलणाऱ्यांनी गाळली.

पेन्शनचं खातं म्हणजे सोशल सिक्युरिटी. तिथं मेलेल्या आईबापांच्या नावानं वर्षानुवर्षं पैसे उचलणारे आहेत, खोट्या नावांनी टोळ्या चालवणारे आहेत. त्यांना पकडायला महानिरीक्षकाचं स्वतंत्र कार्यालय आहे. तिथं तेव्हा २९५च्या आसपास तपास अधिकारी होते. त्यांची दर तीन महिन्यांनी परीक्षा. १,७४,००० भागिले २९५, म्हणजे माणशी ५९० आणि एका तिमाहीला दीडशेच्या आत. सातवीच्या मुलालाही येणारा भागाकार. मोठा आकडा दाखवून घाबरवायचं असेल तर भाजक लपवायचा, हा धंदा जुना आहे.

पण आकडा कळला म्हणून प्रश्न संपत नाही. मासे मोजणाऱ्याला, हिशेब तपासणाऱ्याला मुळात बंदूक का लागावी? पोलीस आहेत की!

याचं उत्तर मला योसेमिटीच्या जंगलात अर्धं मिळालं. जावई आम्हाला तिथं घेऊन गेले होते. वाटेत एक वनरक्षक उभा होता. गोल काठाची ताठ हॅट, हिरवी पँट, हसरा चेहरा. आमच्या नातवाला त्यानं अस्वलाच्या गमती सांगितल्या. दुसऱ्या वळणावर तसाच दुसरा, तोच गणवेश, पण याच्या कमरेला पिस्तूल. जावई म्हणाले, पहिला माहिती देणारा आणि दुसरा कायदा राखणारा. जिथं जवळचं पोलीस ठाणं तासा-दोन तासांवर आणि रात्री मुक्कामाला हजारो माणसं, तिथं चोरी, मारामारी, शिकार झाली तर वाट कुणाची बघायची?

त्या हिरवळीचीही एक गोष्ट आहे. ४ जुलै १९७० रोजी योसेमिटीच्या स्टोनमन कुरणात तरुणांचा मोठा जमाव होता. वनरक्षक घोड्यांवर बसून त्यांना हुसकवायला गेले. दगड-बाटल्या उडाल्या, घोडे माणसांत घुसले, शंभराहून जास्त जणांना अटक झाली. पक्षी आणि झाडं ओळखण्यात तयार झालेल्या माणसांना जमाव हाताळायचं कुणी शिकवलंच नव्हतं. त्यानंतर तिथं प्रशिक्षण गांभीर्यानं सुरू झालं, आणि १९७६च्या कायद्यानं नेमलेल्या ठरावीक वनरक्षकांनाच शस्त्र आणि अटकेचा अधिकार मिळाला. 'ठरावीक' हा शब्द मला महत्त्वाचा वाटतो. सगळ्यांना नाही.

आता माझ्या स्वतःच्या खात्याकडे येतो! २०१० साली अमेरिकेच्या शिक्षण खात्यानं २७ शॉटगन मागवल्या होत्या. हे वाचल्यावर मला आमचे जुने शिक्षणाधिकारी आठवले. त्यांच्या हातात साधी छडी दिली तरी आम्ही राजीनामे दिले असते. पण इथंही बंदुका होत्या त्या महानिरीक्षकाच्या तपास शाखेसाठी. शिक्षणाच्या कर्जात आणि मदतीत होणारे घोटाळे ते शोधतात. पूर्वी अशा अधिकाऱ्यांना शस्त्र बाळगण्यासाठी मार्शल खात्याकडून पुन्हा पुन्हा उसना अधिकार घ्यावा लागे. २००२च्या कायद्यानं तो अनेक खात्यांच्या महानिरीक्षकांना थेट दिला. म्हणून एकदम एवढ्या खात्यांच्या नावावर बंदुका दिसायला लागल्या.

इथं मात्र मी तिथल्या टीकाकारांच्या बाजूला थोडा सरकतो. सॅक्रामेंटोपासून फार लांब नसलेल्या स्टॉकटन गावात जून २०११ मध्ये या शिक्षण खात्याचे अधिकारी पहाटे झडतीचं वॉरंट घेऊन एका घरात शिरले. दार फोडलं. ज्या बाईबद्दल चौकशी होती ती तिथं राहतच नव्हती. तिचा वेगळा झालेला नवरा आणि तीन लहान मुलं होती. गावभर बोभाटा झाला की कर्ज थकलं म्हणून धाड पडली. खात्यानं सांगितलं, थकबाकीसाठी आम्ही कुणाच्या घरी जात नाही, हा फसवणुकीचा तपास आहे. ते खरं असेल. पण कागदपत्रांच्या गुन्ह्यासाठी, मुलं झोपलेल्या घरात, पहाटे? हातात हातोडा आला की प्रत्येक दार खिळ्यासारखं दिसायला लागतं. आधी घरात कोण राहतं एवढं तरी बघायचं होतं.

आयकर खात्याच्या गुन्हे शाखेचा एक हिशेब तर मला फारच बोलका वाटतो. अल कपोनला १९३१ मध्ये कर चुकवल्याबद्दल तुरुंगात धाडलं ते याच शाखेच्या तपासामुळे, म्हणजे तिचा दरारा मोठा. पण २००९ ते २०११ या तीन आर्थिक वर्षांत या अधिकाऱ्यांच्या हातून कामावर असताना ठरवून गोळी सुटली ८ वेळा, आणि चुकून सुटली ११ वेळा! ही माहिती कुठल्या शत्रूनं नाही काढली. त्या खात्यावर नजर ठेवणाऱ्या सरकारच्याच महानिरीक्षकानं २०१२ मध्ये अहवालात छापली, आणि सराव पुरा न करणाऱ्यांची शस्त्रं काढून घेतल्याची नोंद सापडत नाही, असंही लिहिलं. पुढे २०१८ मध्ये तिथल्या हिशेब तपासनीस संस्थेनं २० खात्यांची बेरीज मांडली. २०१० ते २०१७ या काळात बंदुका, गोळ्या आणि तसल्या सामानावर किमान दीड अब्ज डॉलर. कुणालाही वाचता येईल असं.

मी स्वतः बंदुकीशी काही वर्षं संबंध ठेवून आहे, हे नव्या वाचकांना ठाऊक नसेल. शाळेत मराठी आणि इतिहासाबरोबर एनसीसी माझ्याकडे होती. कामठीला जाऊन प्रशिक्षण घेतलं, खांद्यावर थर्ड ऑफिसरची पट्टी आली आणि मी धोतर नेसणाऱ्या वडिलांसमोर सॅल्यूट ठोकला. वर्षातून एकदा मुलांना गावाबाहेरच्या मैदानावर पॉइंट टूटूच्या रायफलीनं गोळ्या झाडायला न्यायचं. पोरागणिक पाच गोळ्या.

एका वर्षी चाळीस पोरं, दोनशे गोळ्या. गोळीबार संपला, रिकामी खोकी मोजली तर एकशे नव्व्याण्णव. मी म्हटलं, गवतात पडलं असेल, जाऊ द्या. सैन्यातून आमच्याकडे नेमणुकीवर आलेले हवालदार जागचे हलले नाहीत. "मास्टरजी, गोली चली है तो खोका चाहिए." सूर्य कलला. चाळीस पोरं गुडघ्यांवर बसून गवत चाचपत होती. मला त्या माणसाचा राग आला. पितळेचा बोटाएवढाही नाही असा तुकडा, त्यासाठी पोरांना उपाशी ठेवायचं? दिवेलागणीला एक पोरगं रडायलाच लागलं आणि त्यानं खाकी चड्डीच्या खिशातून ते खोकं काढून दिलं. शिट्टी करायची होती त्याला. हवालदारांनी त्याला मारलं नाही, की रागावले नाहीत. वहीत आकडा लिहिला, माझी सही घेतली आणि मग म्हणाले, "अब चलिए."

त्या संध्याकाळी मला जे कळलं ते मला या सगळ्या वादात फारसं कुणी बोलताना दिसत नाही. किती गोळ्या विकत घेतल्या यावर सगळे भांडतात. झाडलेल्या गोळीचं खोकं कोण मोजतं, कुणाच्या सहीनं, आणि ते सापडलं नाही तर मैदानावर कोण थांबून राहतं, हे कुणी विचारत नाही.

इतकं सगळं मी फोनवर त्या विद्यार्थ्याला सांगितलं. तो शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला, "सर, मी उगाच नाही विचारलं. आमच्याकडे पण चर्चा चाललीय."

तो महसूल खात्यात मंडळ अधिकारी आहे. नदीकाठचं मंडळ. रात्री-अपरात्री वाळूचे ट्रॅक्टर अडवायला जावं लागतं. अंगावर ट्रॅक्टर घालायची धमकी त्याला दोनदा मिळालीय. सहकारी म्हणतात, आपल्यालाही पिस्तुलं द्या. मनमाडजवळचं २५ जानेवारी २०११ कुणी विसरलेलं नाही. मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे भेसळीचा अड्डा पाहून थांबले, फोटो घ्यायला लागले, आणि भरदिवसा त्यांना जिवंत जाळलं. हातात कॅमेरा होता. जिल्ह्यातला एवढा मोठा हुद्दा, आणि त्या क्षणी तो कशाच्याच कामाचा नव्हता.

मग मी त्याला काय सांगावं? दे पिस्तूल, असं म्हणणं सोपं आहे. सोनवण्यांच्या कमरेला पिस्तूल असतं तर ते वाचले असते का, याचं उत्तर मला देता येत नाही. आणि दुसऱ्या बाजूला ३१ जुलै २०२३ची पहाट आहे. जयपूरहून मुंबईला येणारी गाडी, पालघरच्या आसपास. रेल्वेच्या संरक्षण दलातल्या एका शिपायावर आरोप आहे की त्यानं सरकारी बंदुकीनंच आपल्या वरिष्ठाला आणि तीन प्रवाशांना मारलं. बंदूक दिली होती प्रवाशांच्या रक्षणासाठी.

माझं मत विचाराल तर, मंडळ अधिकाऱ्यानं, तलाठ्यानं पिस्तूल बाळगू नये. सकाळी त्याच माणसाकडे म्हातारी सातबारा मागायला येणार, वारसाची नोंद लावायला येणार. टेबलावर पिस्तूल दिसलं तर ती दारातूनच परत जाईल. पण वाळू अडवायला, भेसळ पकडायला जाणाऱ्या पथकाला वेगळी, शिकवलेली, मोजकी सशस्त्र माणसं खात्यानं कायमची दिली पाहिजेत. वनखात्यात व्याघ्रप्रकल्पांसाठी विशेष व्याघ्र संरक्षण दल उभं केलंच ना? ज्या सरकारला वाळूचं उत्पन्न हवं, त्यानं त्या वाळूवर पाठवलेल्या माणसाच्या पाठीशी उभं राहायचा खर्चही उचलावा. पोलिसांकडे दर वेळी पत्र लिहून माणसं मागायची, आणि बंदोबस्तामुळे मनुष्यबळ उपलब्ध नाही असं उत्तर फाइलला लावून एकट्यानं नदीत उतरायचं, ही पद्धत नव्हे. आणि त्या दलाची वर्षातून दोनदा परीक्षा व्हावी, नापास होईल त्याचं शस्त्र त्याच दिवशी जमा व्हावं, आणि हिशेब लोकांना वाचता यावा.

हे सगळं मी त्याला जरा भाषणाच्या सुरातच सांगितलं. सवय! त्यानं "हो सर, हो सर" केलं. वर्गातही तो असाच होता.

"मग आता कधी जायचंय तुला?" मी विचारलं.

"आज रात्रीच सर. अकराला निघणार."

"बरोबर कोण आहे?"

"ड्रायव्हर, दोन तलाठी, कोतवाल. पोलीस ठाण्यानं एक होमगार्ड देतो म्हणून सांगितलंय."

"त्याच्याकडे काय असतं?"

"काठी, सर."