इट्स टाइट, आजोबा!

मंडळी, गेल्या दिवाळीत या सदरात मी प्रेशर कुकरच्या शिट्टीवर लिहिलं होतं. ते वाचून दोघातिघांनी सांगितलं की सर, असंच घरातलं लिहीत जा. यंदाचा विषय घराच्या दारातलाच आहे.

गेल्या जानेवारीतल्या एका शनिवारची पहाट. आम्ही राहतो मोहम्मद बिन झायद सिटीत. फाटकाबाहेर मुलाची लँड क्रूझर, तिच्यामागे मित्राकडून आणलेला दोन चाकांचा ट्रेलर आणि ट्रेलरवर वाळूत पळवायची बग्गी. नातू आणि त्याचे दोन मित्र लिवाला निघालेले. तिथला तल मिरेब म्हणजे सुमारे तीनशे मीटर उंचीची वाळूची टेकडी, थंडीत सगळी तरुणाई तिथेच असते. मी शाल गुंडाळून चहाचा कप घेऊन बाहेर आलो आणि सवयीने ट्रेलरभोवती एक फेरी मारली. नातवाने पट्ट्यावर टिचकी मारून दाखवली. तंबोऱ्याच्या तारेसारखा वाजला तो. "इट्स टाइट, आजोबा!"

घट्ट होता, यात वाद नाही. पण हे 'घट्ट' मी पूर्वी एकदा ऐकलेलं आहे, स्वतःच्याच तोंडून.

१९८१ साली मला सांगलीला नोकरी लागली. पवईहून नुकतीच डॉक्टरेट मिळाली होती, आणि विषय कोणता? कंपनं! पुण्याहून सामान न्यायला टेंपो केला. भांडीकुंडी, पुस्तकांच्या पेट्या आणि सगळ्यात मागे, फाळक्याजवळ, माझी चेतक. स्कूटर मी स्वतः बांधली, काथ्याच्या दोरीने, बॉडीवरून वेढे घेऊन. क्लीनर पंधरा-सोळा वर्षांचा पोरगा. तो म्हणाला, "सायेब, तिला दाबून बसवा, मग बांधा. न्हायतर नाचंल आनि दोरी ढिली पडंल." मी त्याला म्हणालो, घट्ट आहे.

खंबाटकीच्या उतारावर एका वळणाला स्कूटर फाळक्यावर आदळली, फाळका उघडला आणि ती रस्त्यावर पडली. मागून एक सायकलवाला येत होता, दोन्ही बाजूंना दुधाच्या किटल्या. हातभर अंतराने वाचला. सगळं दूध रस्त्यावर. ड्रायव्हर खाली उतरला, त्याने विचारलं, "बांधली कुनी?" आणि उत्तराची वाट न बघता क्लीनरच्या कानाखाली दिली. मी दुधाचे पैसे दिले. 'मी बांधली' एवढं मात्र म्हणालो नाही. पोरगाही काही बोलला नाही. चव्वेचाळीस वर्षं झाली, हे मी आमच्या हिलाही कधी सांगितलं नव्हतं.

त्या पोराला कळलेलं गणित असं. वाहन स्प्रिंगवर बसलेलं असतं. तुम्ही त्याची बॉडी बांधता तेव्हा खाली स्प्रिंग मोकळीच असते. खड्डा आला की बॉडी दोन बोटं खाली जाते, त्या क्षणी दोरी सैल होते आणि आकडा कडीतून निसटायला तेवढा क्षण पुरतो. म्हणून दुचाकीची पुढची स्प्रिंग थोडी दाबून बांधायची, म्हणजे ती दोरी सतत ताणून धरते. चारचाकीचं उलट. तिची चाकंच बांधायची, टायरवरून जाणाऱ्या पट्ट्यांनी. मग वरची बॉडी वाटेल तेवढी नाचू दे, पट्ट्याला त्याचं काही नाही. आमच्या चिरंजीवांनी पट्टे बांधले होते बग्गीच्या वरच्या पिंजऱ्याच्या नळ्यांना.

मग मी पट्ट्याचं पाकीट मागितलं. त्यावर ठळक अक्षरात ९०० किलो. हा पट्टा तुटण्याचा आकडा. कामाचा आकडा खाली मुंगीएवढ्या अक्षरात होता: ३००, म्हणजे तिसरा हिस्सा. पट्टा ४५ अंश खाली आणि ४५ अंश बाजूला असा तिरका गेला की सरळ मागे ओढायला त्याचा निम्माच जोर उरतो, म्हणजे दीडशे. गाडी पुढे जाऊ नये म्हणून मागे ओढणारे पट्टे दोन, म्हणून तीनशे. आता दुसरी बाजू. युरोपच्या ईएन १२१९५ या मानकात करकचून ब्रेक दाबल्यावर वजनाच्या ०.८ पट जोर पुढच्या दिशेने धरतात, आणि वळणावर बाजूला ०.५ पट. बग्गी ७०० किलोची. ०.८ पट म्हणजे ५६०. "आता तूच सांग," मी नातवाला म्हणालो. त्याने टिचकी मारलेल्या पट्ट्याकडे पाहिलं. हँडब्रेक लावलाय, गिअरमध्ये आहे, असं एक मित्र म्हणाला. लावावाच, पण हँडब्रेक चाक फिरू देत नाही एवढंच. न फिरणारं चाक घसरू शकतंच.

एव्हाना माझ्यातला मास्तर पुरता जागा झाला होता. सूनबाईंचा वजनकाटा बाहेर आणला. (तो चपटा झाला नाही, हे त्यांच्या माहितीसाठी.) ट्रेलर गाडीपासून सोडवला, चाकांना ठोकळे लावले आणि त्याच्या दांडीचं टोक लाकडी ओंडक्यावरून काट्यावर टेकवलं. चाळीस किलो! बग्गी आणि ट्रेलर मिळून हजार किलो, दांडीवर त्याचा दहावा हिस्सा तरी हवा. बग्गी बघायला मधोमध होती, पण अशा बग्गीचं इंजिन सीटच्या मागे असतं, त्यामुळे वजन मागे गेलेलं.

यासाठी मराठीत एक सुंदर शब्द आहे, इथे वाढलेल्या मुलांना तो माहीत नसेल: उलाळणे. बैलगाडीत ओझं मागे जास्त झालं की जू वर उचललं जातं, बैलांच्या गळ्याला सापती आवळते, गाडी उलाळते. गडी मग पुढे धुरेवर जाऊन बसतो. लँड क्रूझरला गळा नसतो, म्हणून ती हंबरत नाही. शंभरच्या वेगाला मागचा ट्रेलर शेपटीसारखा डावी-उजवीकडे हेलकावू लागतो, तेव्हाच कळतं. (तसं झालंच तर स्टिअरिंग सरळ धरा, पाय ॲक्सिलरेटरवरून काढा आणि ब्रेकवर उभे राहू नका.) दांडीचं टोक चाकाच्या आसापासून तीन मीटरवर होतं. बग्गी तीस सेंटिमीटर पुढे घेतली की ७०० गुणिले ०.३ भागिले ३, म्हणजे सत्तर किलो दांडीवर वाढायला हवेत. बग्गी सरकवली. काटा ११०! तिघांनी टाळ्या वाजवल्या. पस्तीस वर्षांच्या नोकरीत माझ्या तासाला हे घडलं नव्हतं.

पट्ट्यांसाठी शेजारच्या मुसफ्फाहला गेलो, दुकान उघडायला आठ वाजले. ५० मिलिमीटर रुंद पट्टे घेतले, शिवलेल्या लेबलवर एलसी २५००, म्हणजे सरळ ओढीला सुमारे अडीच टन. जुने पट्टे कोवळे दिसले तरी घेऊ नका. इथल्या उन्हात पॉलिएस्टर विटतं, ताठ होतं आणि आतून मरतं. दुकानात एक रिकव्हरीवाला पठाण ड्रायव्हर उभा होता. बंद पडलेल्या गाड्या रोज उचलून नेणारा तो माणूस, आमचं बोलणं ऐकून म्हणाला, "चाचाजी, पट्टे को एक बल दो, नहीं तो पूरा रास्ता रोएगा." सपाट पट्टा वाऱ्यात फडफडून गुणगुणतो, आणि फडफडता फडफडता घासतो. एक पीळ दिला की थांबतो. कंपनांवरचं हे ज्ञान माझ्या प्रबंधात नव्हतं. त्यानेच बाहेर येऊन पट्टे बांधून दाखवले: पुढचे दोन पुढे ओढणारे, मागचे दोन मागे, आकडे ट्रेलरच्या चौकटीला वेल्ड केलेल्या कड्यांत, कठड्याला नाही. सेफ्टी चेनच्या दोन्ही साखळ्या दांडीखालून फुलीसारख्या घ्यायला लावल्या, म्हणजे जोड सुटला तरी दांडी साखळ्यांवर पडते, रस्त्यात रुतत नाही. पैसे घेतले नाहीत.

नऊ वाजले. मित्र घड्याळ बघत होते. निघताना नातवाला मी दोन गोष्टी सांगितल्या. दहा-पंधरा किलोमीटरवर, पहिल्याच पेट्रोल पंपावर, उतरून चारही पट्टे हाताने बघ, कारण नवे पट्टे ताणतात आणि टायर बसतात. दुसरी, खंबाटकीची गोष्ट, कानाखालच्या आवाजासकट. तो इथेच जन्मलेला, मराठी समजतो, पण उत्तर इंग्रजीत देतो. या वेळी काहीच बोलला नाही. गाडीत बसताना त्याने फक्त विचारलं, "त्या मुलाचं नाव काय होतं, आजोबा?"

मला माहीत नव्हतं. मी विचारलंच नव्हतं.

साडेनऊच्या सुमारास मोबाइल वाजला. पट्ट्याचा फोटो, खाली देवनागरीत, चुका न करता: "मागचा उजवा दोन दाते ढिला होता. आवळला."